रेकॉर्डिंग चालू असताना माइक निघाला तर? मदत हवी आहे

ब्राउझरमध्ये मीडियारेकॉर्डर (ब्राउझरची रेकॉर्डिंग करणारी सोय) वापरून कॅमेरा आणि यूएसबी माइकचं रेकॉर्डिंग करतोय. सुरुवातीच्या चुका गेटयूझरमीडियाच्या (कॅमेरा-माइक मागणाऱ्या फंक्शनच्या) कॅचमध्ये, म्हणजे चुका हाताळणाऱ्या कोडमध्ये, नीट पकडल्या जातात: परवानगी नाकारली तर नॉटअलाउडएरर, उपकरणच नसेल तर नॉटफाउंडएरर. खरी अडचण पुढची आहे. मध्येच माइकची वायर निघाली की रेकॉर्डरचा ऑनएरर (चूक झाल्यावर चालणारा कोड) चालतच नाही. व्हिडिओ ट्रॅक जिवंत असल्याने रेकॉर्डिंग पुढे सरकतं, पण आवाजाविना! बोलणाऱ्याची सगळी मेहनत वाया जाते.

ऑडिओ ट्रॅकचा एंडेड इव्हेंट (ट्रॅक संपल्याची सूचना) मिळतो, तो ऐकतोय. त्याच स्ट्रीममध्ये (रेकॉर्डरला दिलेल्या ट्रॅकच्या संचात) नवा ट्रॅक घालून पाहिला, तर इन्व्हॅलिडमॉडिफिकेशनएरर येऊन रेकॉर्डिंगच थांबलं. पान एचटीटीपीएसवर आहे, रेकॉर्डिंगचे तुकडे दर सेकंदाला साठवतो. सर्व्हरवर जोडाजोड शक्य नाही, एकच फाइल हवी.

वेबऑडिओच्या (ब्राउझरमध्ये आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या सोयीच्या) डेस्टिनेशनमधून, म्हणजे तिच्या आउटपुट स्ट्रीममधून, आवाज नेला, तर रेकॉर्डर न थांबवता माइक बदलता येईल का? कुणी केलंय का असं?