येत्या जनगणनेत छत्रपती संभाजीनगरलगतच्या (औरंगाबाद) वाळूज औद्योगिक पट्ट्यातल्या लोकांनी नाव कुठं सांगायचं?

बजाजनगरकर
२०११ ला आपल्या महापालिका हद्दीची लोकसंख्या होती ११,७५,११६. त्यात वाळूज पट्ट्यातलं आमचं बजाजनगर नाही, रांजणगाव शेणपुंजी नाही. पुढची जनगणना २०२१ ला झालीच नाही, ती आता २०२७ ला होणार. माझ्या मजल्यावर चार खोल्या आहेत. एकीत मंठ्याचं कुटुंब, एकीत गेवराईचं, एकीत जिंतूरचं, एकीत आम्ही. सगळे कंपनीत, पोरं इथल्याच शाळेत. पण मतदान गावाकडं, रेशनकार्ड गावाकडं, आणि मोजणीवाला आला की गावाकडचे म्हातारेही आमची नावं गावातच सांगणार! मग इथं शाळेच्या खोल्या, दवाखाना, पाणी कुणाच्या हिशोबानं मागायचं? जिथं चूल पेटते तिथंच नाव सांगा.

परतूरवाला
अजिबात पटलं नाही. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा पैसा मुख्यतः डोकी मोजून येतो. माणसं तर तुम्ही नेलीच, आता नावंही न्या. २०२० च्या लॉकडाऊनला कंत्राटी पोरांना शहरानं ठेवून घेतलं का? गावानंच घेतलं ना पोटाशी?

भडकलगेट
लोकसंख्या म्हटलं की इथं लगेच हिंदू किती, मुसलमान किती यावर गाडी जाते, म्हणून मुद्दाम लिहितो. २०११ ला शहरात साधारण १५ टक्के बौद्ध होते. त्यामागं नागसेनवन, म्हणजे मिलिंद महाविद्यालयाचा परिसर आहे. बाबासाहेबांनी १९५० ला मिलिंद महाविद्यालय काढलं, मराठवाड्याच्या खेड्यांतली पोरं शिकायला आली, त्यातली कितीतरी इथंच नोकरीला लागली, इथंच घरं बांधली. ती शहरात मोजली गेली म्हणून आज त्यांचा आवाज आहे. वाळूजच्या कामगारांनी मागं का राहावं? यावेळी तर जातही विचारणार आहेत.

बायपासकडून
आकड्यानं पाणी येत नसतं, भाऊ. आमची वसाहत हद्दीत गेली, घरपट्टी सुरू झाली, नळ कोरडाच. जायकवाडी भरलेलं असतानाही आम्ही टँकरला फोन करतो. वाळूज पट्टा शहरात धरला की तुमचंही हेच होईल.

बजाजनगरकर
बायपासवाले, मोजणी वेगळी, हद्दवाढ वेगळी. हद्दवाढ मीही मागत नाही. इथं ग्रामपंचायत राहिली तरी माणसं खरी मोजली जावीत, एवढंच. परतूरवाले, तुमची भीती कळते, पण इथं नाव सांगितल्यानं रेशनकार्ड रद्द होत नाही, मतदार यादीतूनही नाव जात नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यानं ही माहिती गोपनीय असते. आणि मोजणीचा नियमच असा की माणूस नेहमी राहतो तिथला धरायचा.

गेवराई
मग ऊसतोडीवाल्यांचं काय? मोजणी होणार फेब्रुवारीत, तेव्हा आमची अर्धी वाडी कारखान्यावर, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत. सहा महिने इथं, सहा महिने तिथं. त्यांचं ‘नेहमी’ कुठलं?

बजाजनगरकर
मला विचाराल तर त्यांना गावातच धरायला हवं. घर, शेत, शाळा सगळं गावात. कंपनीवाल्यांचं तसं नाही, ते दिवाळी आणि लग्नसराईपुरतेच जातात.

परतूरवाला
तुमचा नियम तुमच्यापाशी. आईला रात्री दम लागला की माझा भाऊ वाळूजहून गाडी काढून येतो. त्याचं नाव मी आमच्याच घरात सांगणार.