मदत हवी आहे: आर्चटॉपला समांतर ब्रेस की एक्स?

नमस्कार मंडळी. १७ इंची आर्चटॉप (कमानदार कोरलेल्या फळीची) गिटार घडवतोय. स्प्रूसची वरची फळी कोरून झाली, एफ-होलही (f आकाराची आवाजाची भोकं) कापले. आता ब्रेसवर (फळीला आतून चिकटवायच्या आधारपट्ट्यांवर) गाडी अडली आहे.

१९२२ च्या गिब्सन कंपनीच्या एल-५ गिटारला दोन समांतर पट्ट्या होत्या: आवाज खणखणीत, चटकन उठणारा, पण लवकर विरणारा. १९३० च्या दशकात त्यांनी काही वर्षं एक्स (एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्या) वापरला. त्यात स्वर रेंगाळतो, खर्ज भरतो. मी एकटाच वाजवणार, त्यामुळे मन एक्सकडेच झुकतंय.

फळी मधोमध ६ मिमी आहे. बोटाने ठोकली की खर्जाच्या बाजूला बद्द वाजते. एक्स घालायचा तर आधी फळी पातळ करू, की ब्रेस चिकटवून मग तोच तासत जाऊ? पिकअप (तारांची कंपनं ॲम्प्लिफायरकडे पोचवणारा भाग) तरंगता, म्हणजे फळीला न टेकता ठेवणार, त्यासाठी फळीला वेगळं भोक नाही. दोन्ही प्रकार घडवलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.