ऑनलाइन बीकॉमची फी भरायचीय, कौन्सेलर म्हणतो इएमआय करा... मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या ठिकाणी काढला असेल तर सांभाळून घ्या. मी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात सात वर्षं टॅलीवर एन्ट्र्या मारते, बारावीनंतर लग्न झालं आणि कॉलेज राहिलं ते राहिलंच. आता सर म्हणतात ग्रॅज्युएट असतीस तर पगार वाढवला असता (दर दिवाळीला म्हणतात, ते सोडा) म्हणून एका खाजगी विद्यापीठाचं ऑनलाइन बीकॉम बघितलं. तीन वर्षांची फी 1,20,000. कौन्सेलरचे दिवसाला चार फोन, मॅडम नो कॉस्ट इएमआय आहे, महिना 5,000, 24 महिने, व्याज शून्य, ऑफर आज रात्री बारापर्यंतच. मी पॅन आधार टाकणारच होते, मिस्टर म्हणाले थांब जरा, आणि लिंक नीट वाचली तर कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं कर्ज आहे हो ते! वर एकरकमी भरलं तर 1,05,000 च म्हणे. नोव्हेंबरात भिशी लागेल, 48,000 येतील, दागिने मोडायचे नाहीत हे नक्की. इएमआय करू का बँकेत एज्युकेशन लोन मागू? आणि सासूबाईंची तब्येत बरी नसते, मधेच सोडावं लागलं तर काय?

प्रतिसाद: ताई, एकरकमी 1,05,000 आणि हप्त्याने 1,20,000, मग ते 15,000 म्हणजे व्याजच की, टॅलीवाल्यांना मी काय सांगणार. कर्ज तुमच्या नावावर, त्यामुळे कोर्स सोडला तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत, चुकले की सिबिल खराब. सही करायच्या आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाचा सगळा खर्च आणि अटी लिहिलेला कागद) मागा, आरबीआयच्या नियमाने द्यावंच लागतं, त्यात एपीआर, म्हणजे सगळा खर्च धरून वर्षाचा खरा व्याजदर, किती ते बघा, प्रोसेसिंग फी पण त्यात धरतात.

प्रतिसाद: फीचं नंतर, आधी यूजीसीच्या डीईबी (दूरशिक्षण विभाग) साइटवर बघा त्या विद्यापीठाच्या ऑनलाइन बीकॉमला यंदाच्या सत्राची मान्यता आहे का. विद्यापीठ मान्य म्हणजे प्रत्येक ऑनलाइन कोर्स मान्य असं नसतं. प्रवेशाला डीईबी आयडी लागतो तो स्वतः काढा, ओटीपी त्या कौन्सेलर पोराला देऊ नका. आणि नाशिकचं मुक्त विद्यापीठ, इग्नू हे बघितलंत का? बीकॉम वर्षाला काही हजारांत होतं, फक्त मागे लागून अभ्यास करून घेणारं कुणी नसतं.

प्रतिसाद: टॅक्सचं पण ऐका. इन्कम टॅक्सच्या 80सी मध्ये मुलांची ट्यूशन फी चालते, स्वतःची नाही. 80ई मध्ये फक्त एज्युकेशन लोनच्या व्याजाची सूट, ती पण जुन्या रिजीममध्ये. बाकी तुमचे सर सीए आहेत ना, पगार नाही तर निदान सल्ला तरी फुकट घ्या :)

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार _/\_ डीईबीच्या यादीत कोर्स आहे. आणि गंमत म्हणजे विद्यापीठाच्या साइटवर चक्क लिहिलंय की दर सेमिस्टरला 20,000 भरता येतात, हा कौन्सेलर पठ्ठ्या तीन आठवड्यांत एकदाही बोलला नाही, विचारलं तर म्हणतो ती स्कीम बंद झाली. बंद कसली, पेमेंटचं बटण चालू आहे! तसं केलं तर भिशीत पहिलं वर्ष निघतं, कर्जाची भानगडच नको. पण नाशिकचं वाचून परत विचारात पडले. तिथून बीकॉम केलेलं कुणी आहे का, परीक्षेला सांगलीतच सेंटर मिळतं का लांब जावं लागतं? रविवार सोडून सुट्टी मिळत नाही मला.