बदाम सात: पान हातात असताना 'पास' म्हणणं चालतं का?

आर्वीकडचा
मे महिन्यात आमच्याकडे दुपारी बारानंतर घराबाहेर पाऊल टाकवत नाही. छपरीत कूलर लावायचा, सतरंजी टाकायची अन् पत्ते काढायचे. परवा पुण्याहून आलेली पोट्टी अन् इथली पोट्टी बसली. माझी नऊ वर्षांची पुतणी पहिल्यांदाच खेळत होती. बदाम सत्तीनं सुरुवात, मग त्याच रंगात वर अठ्ठी, खाली छक्की, नाहीतर दुसरी सत्ती. ज्याचे पत्ते आधी संपले तो जिंकला, एवढं तिला सांगितलं. पास, म्हणजे पान न टाकता पाळी सोडणं, कधी म्हणायचं, हे कोणीच सांगितलं नाही. एका मोठ्या पोरानं इस्पिकची छक्की धरून तीनदा 'पास' म्हटलं. तेव्हा टाकायला त्याच्याकडे तेवढंच पान होतं. पोरीच्या हातात इस्पिकचा एक्का, दुर्री, तिर्री तशीच राहिली. शेवटी त्यानं छक्की दाखवली, तशी ती उठून आत गेली.
टाकता येण्यासारखं पान असेल तर टाकलंच पाहिजे, अन् हे पत्ते वाटायच्या आधी सांगितलं पाहिजे.

पुण्यातला भाचा
नाही पटत, मामा. पान दाबून ठेवणं हाच तर या खेळाचा जीव आहे. ते काढलं तर उरतं काय? पत्ते वाटले की निकाल लागला!

दारव्ह्याची सून
दाबणं वेगळं, खोटा पास वेगळा. हातात इस्पिकची छक्की आणि चौकटची नव्वी, दोन्ही चालत असतील तर नव्वी टाका, छक्की दाबा. कोणी काही म्हणणार नाही. पण दुसरं चालणारं पान संपलं की छक्की सोडावीच लागते. म्हणून पक्का खेळणारा आधी मोजतो, की दुसऱ्या रंगात आपली किती पानं निघतील, तेवढ्या फेऱ्या दाबता येईल. आमच्या सासूबाई हे बोटांवर मोजतात. खोट्या पासाला मोजावं काय लागतं?

मूर्तिजापूरकर मास्तर
बाईंचं बरोबर आहे. त्यात भर घालतो. बदाम सातमध्ये 52 च्या 52 पानं वाटली जातात, गड्डी उरत नाही. म्हणजे प्रत्येक रंगाचं पुढचं पान कोणाच्या ना कोणाच्या हातात असतंच. टाकायची सक्ती असेल तर डाव अडूच शकत नाही. सक्ती काढा, अन् एकानं किलवरची अठ्ठी, दुसऱ्यानं इस्पिकची छक्की धरली की बसा चौघं पास-पास करत! शिवाय चोरी लपत नाही. इस्पिकची सत्ती खाली असताना पास म्हणालास अन् नंतर तुझ्याच हातून छक्की निघाली, तर झालं.

पुण्यातला भाचा
मग ऊनो या पत्त्यांच्या खेळाचं काय? तिथे टाकण्यासारखं पान असूनही ते नाही टाकलं तरी चालतं, हा त्यांचा छापील नियम आहे.

आर्वीकडचा
पूर्ण सांग ना बाप्पा. पान टाकलं नाही तर गड्डीतून एक ओढावं लागतं, हात वाढतो. ऊनोत प्रत्येकाला 7 पानं, बाकी गड्डीत, म्हणून ते जमतं. इथे गड्डीच नाही, तर दंड कुठून भरशील?

पुण्यातला भाचा
दंडाचं मान्य. पण आधी सगळे नियम सांगा, हे मान्य नाही. मी स्वतः हरत हरतच शिकलो.

मूर्तिजापूरकर मास्तर
हरावं, पण माहीत असलेल्या नियमानं हरावं. मी शाळेतल्या पोरांना पहिला डाव पानं उघडी मांडून खेळवतो. कोणाचं पान कोणी अडवलंय, ते त्यांना डोळ्यांनी दिसतं.

आर्वीकडचा
आज तसंच केलं. सगळ्यांची पानं सतरंजीवर उघडी. दुसऱ्याच फेरीत पुतणीनं समोरच्याच्या किलवरच्या अठ्ठीवर बोट ठेवलं: "हे सोडल्याशिवाय माझी नव्वी निघत नाही." तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. उद्या पानं झाकून खेळणार आहोत. भाचा अजून म्हणतोच आहे, की निदान एक पास तरी फुकट असावा. त्याला मी नाहीच म्हणणार.