तालुक्याच्या गुणगौरव सोहळ्यात नेमका कशाचा गौरव करावा?

प्रश्न (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक)

नमस्कार. आमच्या तालुक्यातील जिल्हा परिषद शाळांचे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या गुणगौरव सोहळ्याचे नियोजन यंदा माझ्याकडे आले आहे. गेल्या वर्षी मी त्या सोहळ्यात प्रेक्षक म्हणून बसलो होतो आणि तेव्हापासून एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. मान्यवरांचे सत्कार आणि मनोगते यांत जवळपास दीड तास गेला, आणि ज्यांच्यासाठी मंडप घातला होता ती मुले मात्र शेवटच्या पंचवीस मिनिटांत रांगेने मंचावर येऊन, प्रमाणपत्र घेऊन, छायाचित्रासाठी क्षणभर थांबून खाली उतरली. नाव, शाळा आणि शिष्यवृत्ती परीक्षेतील गुण एवढेच ध्वनिक्षेपकावरून ऐकू आले. कोणत्या मुलाने काय केले, हे सभागृहातल्या कोणालाही कळले नाही.

माझ्या मनात तीन शंका आहेत. शिष्यवृत्ती, नवोदय आणि राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती या परीक्षांच्या याद्या तयार मिळतात, म्हणून गौरव त्यांच्यापुरताच राहतो; त्या याद्यांबाहेरची मुले कशी शोधावीत? शिक्षकांची निवड कोणत्या निकषावर करावी? आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, शाळेची साफसफाई पाहणारे कर्मचारी यांना या सोहळ्यात स्थान द्यावे, असे मला मनापासून वाटते. ते औपचारिक न वाटता कसे देता येईल? ज्यांनी असे सोहळे केले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ (निवृत्त मुख्याध्यापिका)

सर, आपल्याकडे मानपत्राची जुनी परंपरा आहे, ती मोठ्या माणसांपुरतीच का ठेवावी? मी शेवटची सहा वर्षे आमच्या शाळेत प्रत्येक सत्कारमूर्ती मुलासाठी दोन-तीन वाक्यांचे छोटे मानपत्र लिहून घेत असे. ते वर्गशिक्षकांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायचे आणि त्यात ‘हुशार’, ‘गुणी’, ‘आदर्श’ हे शब्द वापरायचे नाहीत, एवढाच नियम होता. हे तीन शब्द काढून घेतले की शिक्षकाला मुलाने प्रत्यक्ष काय केले ते आठवावेच लागते.

एक उदाहरण सांगते. आमच्या गावातून दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर फडावर जातात. एका वर्षी चौथीतला एक मुलगा आजीजवळ गावात राहिला आणि पहिलीतल्या बहिणीला रोज हाताला धरून शाळेत आणत राहिला. त्याच्या परीक्षेतील गुणांत सांगण्यासारखे काही नव्हते. आम्ही त्याच्या मानपत्रात लिहिले की, या मुलाने पूर्ण हंगामात एकही दिवस बहिणीची शाळा बुडू दिली नाही. पुढच्या दिवाळीच्या आधी तीन पालक स्वतःहून शाळेत आले आणि मुलांना मागे ठेवायचे झाल्यास हंगामी वसतिगृहाची काय सोय होईल, हे विचारू लागले. आमच्या अनेक वर्षांच्या गृहभेटींतून जे झाले नव्हते, ते त्या दोन ओळींनी सुरू झाले, असे मला आजही वाटते.

यादीबाहेरची मुले शोधण्यासाठी शिक्षकांना ‘उल्लेखनीय विद्यार्थी कळवा’ असे पत्र पाठवू नये. त्या पत्राला पुन्हा गुणवत्ता यादीच येते. ‘या वर्षी तुमच्या वर्गात कोणत्या मुलाच्या बाबतीत तुम्हाला आश्चर्य वाटले आणि का?’ असे विचारावे.

प्रतिसाद २ (माध्यमिक शिक्षक, मानसशास्त्राचे विद्यार्थी)

मॅडमनी लिहिलेल्या अनुभवाला संशोधनाचाही आधार आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. ‘चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल’ असे ज्यांना आधीच सांगितले होते, त्या मुलांनी पुढे मोकळ्या वेळेत चित्रे काढण्यात इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी वेळ घालवला. ज्यांना तेच प्रमाणपत्र अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र तशी घटली नाही. पुढे १९९८ मध्ये म्युलर आणि ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांच्या बुद्धीची स्तुती झाली होती ती मुले अपयशानंतर लवकर खचली, तर ज्यांच्या प्रयत्नांची स्तुती झाली होती ती अवघड कोड्यांशी अधिक चिकाटीने झुंजत राहिली.

यावरून बक्षिसेच देऊ नयेत, असा अर्थ मी काढत नाही. शिष्यवृत्ती परीक्षा ही स्पर्धाच आहे आणि तिचे यश जाहीरपणे सांगण्यात काही गैर नाही. परंतु वाचनाची गोडी, मदतीची वृत्ती, नियमितपणा यांना ‘शंभर पुस्तके वाचा आणि पदक मिळवा’ अशा योजनेत बांधू नये. त्यांचा गौरव वर्ष संपल्यावर, आधी घोषणा न करता करावा.

प्रतिसाद ३ (पालक, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्य)

शिक्षण हक्क कायद्यानुसार आमच्या समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात, तरी गुणगौरवाच्या नियोजनात आम्हाला कधी विचारले गेले नाही. म्हणून पालकांच्या बाजूने काही गोष्टी लिहिते.

सोहळा कामाच्या दिवशी दुपारी ठेवला, तर मजुरीवर जाणाऱ्या आईवडिलांचा खाडा होतो आणि मुलाचा सत्कार शिक्षकच पाहतात. वेळ ठरवण्याआधी पालकांना विचारावे. प्रमाणपत्रावरील नाव छापण्यापूर्वी ते मुलाला किंवा पालकांना दाखवून घ्यावे. माझ्या मुलीचे आडनाव एका प्रमाणपत्रावर चुकीचे छापले गेले आणि तिने ते घरी भिंतीवर लावू दिले नाही.

दुसरी बाब नाजूक आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती आठवीत परीक्षा देऊन मिळते आणि नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. अशा मुलाचा सत्कार करताना निवेदक अनेकदा घरच्या गरिबीचे वर्णन करतात. दिव्यांग मुलांच्या बाबतीतही ‘अपंगत्वावर मात करून’ हे वाक्य ठरलेले असते. मुलाने गणिताचा किती आणि कसा अभ्यास केला ते सांगावे. घरची परिस्थिती सांगायची की नाही, हे त्या मुलाला आणि त्याच्या पालकांना ठरवू द्यावे. छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी, कारण २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे.

स्वयंपाकी ताईंबद्दल आपण विचारले, त्याचा फार आनंद झाला. त्यांना साडी देऊन मंचावरून पाठवू नका. कोणत्या मुलाला काय पचत नाही, कोण उपाशीपोटी शाळेत येते, हे त्यांना तोंडपाठ असते. ते मुलांनीच सर्वांसमोर सांगावे.

प्रतिसाद ४ (विस्तार अधिकारी)

शिक्षकांच्या पुरस्काराविषयी थोडे लिहितो. प्रस्ताव मागवण्याच्या पद्धतीत शिक्षकाने स्वतःच आपल्या कामाची फाईल तयार करायची असते. त्यामुळे ज्याला उत्तम लिहिता येते आणि छायाचित्रे जपून ठेवता येतात तो पुढे येतो, आणि दुर्गम वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळणारी बाई मागे राहते. माझी सूचना अशी की, तालुक्याच्या पातळीवर स्वतःचे प्रस्ताव घेऊ नयेत. प्रत्येक केंद्रातील, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटातील, शिक्षकांनी आपल्या शिक्षण परिषदेच्या बैठकीत आपल्याच केंद्रातील दुसऱ्या शिक्षकाचे नाव कारणासह सुचवावे. ज्याच्याकडून आपण वर्गात वापरण्याजोगे काही शिकलो, त्याचे नाव, हा निकष पुरेसा आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी १० लाख डॉलरच्या रकमेतील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. पुरस्कार एकाला मिळाला, तरी काम अनेकांचे असते, हे त्यातून जगासमोर आले. त्यामुळे एखाद्या शाळेचा सर्व शिक्षक आणि कर्मचाऱ्यांसह एकत्रित गौरव करण्याचाही विचार व्हावा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर आराखडा ठेवला. सत्कारमूर्ती मुले साधारण ९० आहेत. प्रत्येकाच्या मानपत्रासाठी २० सेकंद धरले तरी वाचन अर्ध्या तासात होते, म्हणजे वेळ नाही ही सबब टिकत नाही. मान्यवरांचे स्वागत एकत्रित होईल आणि मनोगत एकाच पाहुण्यांचे असेल, यालाही मान्यता मिळाली. सोहळा रविवारी सकाळी ठेवत आहोत.

मॅडम, आपला तीन शब्दांचा नियम आणि तो आश्चर्याचा प्रश्न मी जसाच्या तसा सर्व शाळांना पाठवला आहे. आतापर्यंत आलेल्या उत्तरांतील पहिले उत्तर एका वस्तीशाळेतील बाईंचे आहे. दुसरीतला एक मुलगा वर्षभर वर्गात बोलला नव्हता. फेब्रुवारीत एके दिवशी तो उठला आणि शेजारच्या मुलीला तिची चुकलेली वजाबाकी समजावून सांगू लागला. त्याला मंचावर बोलवावे की त्याचे मानपत्र त्याच्या वर्गातच वाचावे, हे बाईंनी त्यालाच विचारून कळवायचे ठरले आहे.