मदत हवी आहे: दुधाच्या स्प्लेंडरला १५० सीसीचं इंजिन बसवावं का?

नमस्कार मंडळी,

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, २०११ चं मॉडेल. रोज पहाटे वाईकडून पसरणी घाटानं पाचगणीला दूध घेऊन जातो. मागं दोन्ही बाजूंना ४० लिटरचे कॅन, काठोकाठ भरलेले. हॉटेलवाल्यांना उजाडायच्या आत दूध लागतं, नाहीतर ते दुसरीकडून घेतात.

सपाटीला गाडीची काही तक्रार नाही. घाट लागला की मात्र दम टाकते. तिसऱ्यावर ओढत नाही म्हणून दुसरा टाकावा, तर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढं सरकत नाही. वळणावर मागून एसटी आली की कडेला घ्यावं लागतं, आणि एकदा थांबलं की भरल्या गाडीला चढावर पुन्हा उचलायचं म्हणजे हाफ क्लचवर जीव काढायचा. वर पोचेपर्यंत इंजिनाजवळ जळका वास येतो.

आमच्या मिस्त्रींकडे भंगारातल्या युनिकॉर्नचं १५० सीसीचं इंजिन पडून आहे. ते म्हणतात, फाउंडेशनच्या (इंजिन चेसीला धरणाऱ्या) पट्ट्या लेथवरून करून आणू, वेल्डिंग मारू, दोन दिवसांचं काम. पाच गिअर मिळतील, घाट उडत चढशील. नवी गाडी आत्ता झेपणारी नाही, म्हणून मन तिकडं ओढतंय.

पण माझ्या काही शंका आहेत. स्प्लेंडरचं सिलिंडर आडवं झोपलेलं असतं, युनिकॉर्नचं उभं. मी टेप लावून बघितलं, तर टाकीखाली हेड टेकतंय आणि मागं कार्बोरेटर, एअर फिल्टर कुठं घालायचा ते कळत नाही. चेन सरळ रेषेत येईल का? चिमटा (मागचं चाक धरणारा भाग) आणि चेसी (गाडीचा सांगाडा) हा जोर सोसतील का? पुढच्या वर्षी गाडीला १५ वर्षं होतायत, आरटीओत नूतनीकरणाला न्यायची आहे, तेव्हा काय होईल? कुणी असं काम करून रोज ओझं वाहत असेल तर कृपया खरं काय ते सांगा.

प्रतिसाद १

दादा, आधी कायद्याचं सांगतो, कारण तिथंच हा विषय संपतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. नूतनीकरणाला इन्स्पेक्टर इंजिन नंबर आणि चेसी नंबर आरसीशी ताडून बघतो, तिथं गाडी अडकणारच. शिवाय भंगारातल्या इंजिनाची मूळ कागदपत्रं नसतील तर ते कुठून आलं याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. आणि घाटात काही बरंवाईट झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. त्याच जातीचं इंजिन बदललं तरी आरटीओला कळवून नोंद करावी लागते, हे तर वेगळंच इंजिन.

आता घाटाचा हिशेब मांडू. गाडी ११० किलो, ८० लिटर दूध म्हणजे ८२ किलो, रिकामे कॅन आणि तुम्ही मिळून ८० धरा. एकूण साधारण २७०. वाई ते पाचगणी १२ किलोमीटरच्या आसपास, चढ साडेपाचशे मीटरच्या थोडा वर. ताशी ३० नं गेलात तर नुसतं हे वजन वर उचलायला सरासरी दीड हॉर्सपॉवरसुद्धा लागत नाही. चेनमधली घट, टायर, वारा आणि तीव्र वळणं धरून तिप्पट करा, तरी साडेचारच्या आत बसतं. तुमचं ९७.२ सीसीचं इंजिन ठणठणीत असेल तर साडेसात देतं.

मग ताकद जातेय कुठं? तुम्हीच लिहिलंय, इंजिन ओरडतं, गाडी सरकत नाही, जळका वास येतो. ही लक्षणं क्लच घसरण्याची आहेत. सपाट रस्त्यावर चौथ्यावर ताशी ४० नं जाताना एकदम पूर्ण रेस द्या. आवाज चढला आणि वेग तिथंच राहिला, तर क्लचच्या प्लेटा गेल्या. आणि इंजिनात चारचाकीचं ऑइल तर नाही ना ओतलेलं? क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यानंही घसरतो.

उतरताना ब्रेकचाही विचार करा. दोन्ही ड्रम आहेत, ते १०० सीसीच्या हिशेबानं दिलेत.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. प्लेटांबरोबर स्प्रिंगाही नव्या टाका, जुन्या दबलेल्या असतात. कॉम्प्रेशन तपासून घ्या, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघा, आणि मागचं चाक उचलून हातानं फिरवा, ब्रेकचे लायनर चिकटतायत का ते कळेल.

धागाकर्ता

मनापासून आभार. चौथ्यावरची चाचणी घेतली. आवाज चढला, काटा हलला नाही. प्लेटा, स्प्रिंगा बदलल्या, दुचाकीचं ऑइल घातलं. आज भरल्या कॅनांसकट दुसऱ्यावर न थांबता वर गेलो, वास आला नाही. युनिकॉर्नचं इंजिन नको म्हणून मिस्त्रींना सांगितलं.

आता एवढंच विचारायचंय. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १४ दाती आहे. ते १३ केलं तर ओढ जवळपास आठ टक्के वाढेल असा माझा हिशेब. उतरताना, सपाटीला आणि ॲव्हरेजला किती फरक पडतो? ओझं वाहणाऱ्या कुणी केलंय का, आणि चेन लवकर खाते का?