वावरात, विहिरीवर आणि घरात पडलेले तांत्रिक प्रश्न : अनुभव लिहावेत

ग्रामीण विदर्भात ज्याला तंत्रशिक्षण मिळाले नाही, त्यालाही रोज यंत्राशी, पाण्याशी, मातीशी आणि विजेशी व्यवहार करावा लागतो, आणि त्या व्यवहारातून पडणारे प्रश्न पुष्कळदा अभियांत्रिकीच्या मुळाशी जाणारे असतात. मी तंत्रनिकेतनात शिकवत होतो. निवृत्तीनंतर गावी राहू लागल्यापासून माझे असे ठाम मत झाले आहे की, या प्रश्नांना उत्तरे मिळत नाहीत याचे कारण प्रश्न कच्चे असतात हे नाही. ते ज्यांच्याकडे नेले जातात ती माणसे ऐकून घेत नाहीत. विचारणाऱ्याने सोबत एखादे मोजमाप आणले, तर मात्र ऐकणाऱ्याला ते सहजासहजी टाळता येत नाही.

अखिल भारतीय चरखा संघाने 1929 मध्ये सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा 'चांगला चरखा करून आणा' एवढेच म्हटले नव्हते. किंमत 150 रुपयांहून अधिक नसावी, 8 तासांच्या कामात 16,000 फूट सूत निघावे, अशा अटी घालून प्रश्न मांडला होता. प्रश्न असा मांडला गेला की त्यावर काम करता येते. म्हणून विनंती अशी की आपण काय पाहिले, काय मोजले, कोणाला विचारले आणि मिळालेले उत्तर आपल्या ठिकाणी कसे पडताळले, हे लिहावे. नाव नको, तालुका आणि व्यवसाय पुरे. आवश्यक वाटेल तेथे मी भर घालीन.

संत्रा उत्पादक शेतकरी, कारंजा तालुका, जि. वर्धा

आमच्या विहिरीच्या काठावर 3 अश्वशक्तीचा पंप बसवलेला होता. मार्च उलटला की विहिरीत भरपूर पाणी दिसत असूनही तो पाणी उचलेनासा होई. दुकानात विचारले असता 5 अश्वशक्तीची मोटार घेण्याचा सल्ला मिळाला. तो मानण्यापूर्वी मी दोरीला दगड बांधून पंपाच्या मध्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजत गेलो. पाणी 23 फुटांवर असेपर्यंत पंप व्यवस्थित चाले आणि 26 फुटांच्या खाली गेले की नुसता फिरत राही. फुटव्हॉल्व (पाइपच्या खालच्या टोकाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप) बदलून पाहिला, पाइपचे सांधे तपासले, तरी आकडे तेच राहिले.

हे आकडे घेऊन मी शाळेतील विज्ञानाच्या गुरुजींकडे गेलो. त्यांनी सांगितले की पंप पाणी ओढत नाही. तो पाइपातील हवेचा दाब कमी करतो आणि विहिरीतील पाण्यावर असलेला बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला सुमारे 10.3 मीटर, म्हणजे 34 फूट उंचीचे पाणी तोलू शकतो, त्याहून अधिक नाही. इटलीतील पंपांची हीच अडचण गॅलिलिओने 1638 मध्ये नोंदवली होती आणि टोरिचेलीने पाऱ्याच्या नळीच्या साहाय्याने 1644 मध्ये तिचा उलगडा केला होता. माझ्या विहिरीवरची अडचण इतक्या जुन्या प्रश्नाशी जोडलेली आहे हे ऐकून मला फार बरे वाटले.

तरीही मी विचारले की 34 फूट ठरलेले असतील, तर माझा पंप 26 फुटांवरच का थांबतो? गुरुजींनी प्रयोगच करू असे ठरवले. ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन आम्ही जलकुंभाच्या जिन्यावरून जाड भिंतीचा पारदर्शक पाइप सोडला. आधी आणलेला पातळ पाइप हवेच्या दाबाने चपटा झाला होता, म्हणून जाड आणावा लागला. पाइप पाण्याने पूर्ण भरून वरचे तोंड घट्ट बंद केले आणि खालचे टोक बादलीतील पाण्यात बुडवून ठेवले. पाइप वर खेचत गेलो, तसे पाणी 31 फुटांच्या आसपास थांबले आणि त्याच्या वर मोकळी जागा दिसू लागली. शाळेची मुले जिन्याखाली उभी राहून हे पाहत होती. नंतर आम्ही पंप विहिरीच्या आत लोखंडी गर्डरवर उतरवून बसवला आणि त्याच 3 अश्वशक्तीवर काम भागले. पावसाळ्याआधी तो वर काढावा लागतो, एवढाच त्रास आहे.

*भर :* 34 ऐवजी 31 फूट आले ही मोजमापातील चूक नाही. उंची वाढते तसा हवेचा दाब घटतो, दर 100 मीटरला साधारण 0.12 मीटर पाण्याइतका. नागपूर सुमारे 310 मीटर उंचीवर आहे. तेवढ्या उंचीसाठी 0.37 मीटर वजा होतात. शिवाय 30 अंशांच्या पाण्याची वाफ त्या मोकळ्या जागेत जाऊन उलट दाब देते, तो सुमारे 0.43 मीटर. उरतात 9.5 मीटर, म्हणजे 31 फूट. ते आणि पंपाची प्रत्यक्ष मर्यादा यांतील फरक पाइपातील घर्षण, फुटव्हॉल्वचा अडथळा आणि पंपाच्या तोंडाशी लागणारा किमान दाब यांत जातो. मोठी मोटार यातले काहीही बदलू शकत नाही. सबमर्सिबल पंपाला ही मर्यादा येत नाही, कारण तो पाण्यात राहून वर ढकलतो.

वीजतंत्री शाखेची विद्यार्थिनी, वणी तालुका, जि. यवतमाळ

गावातील डीपी (विजेचे रोहित्र) जळाली आणि दुरुस्त होऊन परत बसली. त्यानंतर आमची तीन फेजची मोटार नेहमीच्या आवाजात चाले, पण पाणी निम्मेही येत नसे. बाबांना एका दुकानात पंपातला पाणी फेकणारा पंखा झिजल्याचे सांगण्यात आले. मी सोबत होते. 'डीपी बदलण्याआधी पाणी पुरेसे होते, मग पंखा एका रात्रीत कसा झिजला?' असे मी विचारल्यावर हे मुलींचे काम नाही असे उत्तर मिळाले.

मी हाच प्रश्न आमच्या निदेशक सरांना विचारला. त्यांनी उत्तर देण्याऐवजी मोटार कोणत्या बाजूला फिरते हे पाहायला सांगितले. मोटारीच्या आवरणावर बाण होता आणि मोटार त्याच्या उलट दिशेने फिरत होती. डीपी जोडताना दोन फेजांची अदलाबदल झाली होती, आणि तीन फेजच्या मोटारीत कोणत्याही दोन तारा बदलल्या की फिरण्याची दिशा उलटते. सेंट्रिफ्यूगल, म्हणजे फिरत्या पंख्याने पाणी फेकणारा पंप उलटा फिरला तरी थोडे पाणी बाहेर फेकतच राहतो, त्यामुळे दोष लपून राहतो. मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून सरांच्या देखरेखीखाली दोन तारा बदलल्या आणि पाणी पूर्ववत झाले.

शेजारच्या काकांची मोटार सबमर्सिबल असल्याने तिची दिशा डोळ्यांना दिसत नव्हती. तेथे 200 लिटरचा ड्रम भरायला लागणारा वेळ दोन्ही जोडण्यांवर मोजला आणि जिच्यात ड्रम लवकर भरला ती जोडणी कायम केली.

*भर :* काही पंपांत पंखा आट्यांवर बसवलेला असतो आणि उलट फिरण्याने तो सुटू शकतो. म्हणून डीपीचे काम झाल्यावर ही तपासणी पहिल्याच दिवशी करावी. या मुलीचा दुकानातला प्रश्न तर्कशुद्ध होता आणि त्याला तेथेच उत्तर मिळायला हवे होते.

गृहिणी, वरोरा तालुका, जि. चंद्रपूर

जो कूलर मे महिन्यात खोली गार करतो, तो मृगाचा पाऊस पडला की अंग चिकट करण्यापलीकडे काही का करत नाही, हा माझा प्रश्न होता. माझ्या भाच्याने मला दोन तापमापक आणून दिले आणि एकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळायला सांगितले. मेमध्ये भर दुपारी साधा तापमापक 45 अंश दाखवत असताना ओल्या कापडाचा 24 दाखवत होता आणि कूलरसमोरची हवा 29 अंशांची होती. जूनच्या अखेरीस बाहेर 35 अंश होते, ओल्या कापडाचा 29 ते 30 आणि कूलरसमोर 31. कूलर ओल्या कापडाच्या आकड्याच्या खाली कधीच जाऊ शकत नाही, हे मला या नोंदींतून आपोआप उमगले.

सासूबाईंचे म्हणणे होते की टाकीत बर्फ टाकल्यास फरक पडेल. त्याचे उत्तर मला अजून नीट कळलेले नाही.

*भर :* बर्फाचा उपयोग होतो, पण थोडा. 1 किलो बर्फ वितळताना सुमारे 334 किलोज्यूल उष्णता घेतो. 1 किलो पाणी कूलरच्या ताट्यांवरून (बाजूंच्या ओल्या जाळ्यांवरून) उडून जाताना सुमारे 2,400 किलोज्यूल घेते, म्हणजे सातपट. कूलर तासाला 10 लिटर पाणी संपवत असेल, तर तो आपल्यातून जाणाऱ्या हवेतून सुमारे 6.7 किलोवॉट दराने उष्णता काढत असतो. ही ओली हवा बाहेर पडायला वाट हवी, म्हणून कूलरच्या समोरची खिडकी उघडी ठेवावी. कूलरमधल्या छोट्या टिल्लू पंपाने ताट्यांचा वरचा भाग कोरडा सोडला किंवा ताट्यांवर क्षार बसले, तर आतील तापमान लगेच एक-दोन अंशांनी वाढलेले दिसेल.

गवंडी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

काळ्या मातीवर बांधलेल्या घरांना कोपऱ्यातून तिरप्या भेगा पडतात. लोक सिमेंट कमी घातल्याचा ठपका आमच्यावर ठेवतात. मी माझ्या हातून झालेल्या एका घराच्या भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने आडवी चिकटवली. एप्रिलमध्ये ती तुटली, पावसाळ्यात भेग पुष्कळशी मिटली आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडली. सिमेंट कमी असते तर भेग ऋतूप्रमाणे उघडली-मिटली नसती, असा माझा तर्क होता. पंचायत समितीत आलेल्या एका अभियंत्यांना मी ती तुटलेली काच दाखवली, तेव्हा ते ओट्यावर बसून बराच वेळ बोलले. त्यांनी सांगितले की या मातीतील चिकणखनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगते आणि वाळली की आकसते. घराच्या मधली माती ओलसर राहते आणि कडेची वाळते, म्हणून कोपरे खचतात. भिंतीलगतचे कडुनिंबाचे झाड आणि न्हाणीचे मुरणारे पाणी यांनी हा फरक आणखी वाढतो.

आता मी पायाखालची काळी माती काढून मुरूम थरांनी पाणी मारून ठोकतो, घराभोवती उताराचा फरसबंद पट्टा करतो आणि न्हाणीचे पाणी दूर नेतो. मालक खर्चाला नाही म्हणाले, तर मी त्यांना काचेची गोष्ट सांगतो.

*भर :* आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी, फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे 1 मीटर जाडीचा थर दिल्यास फुगवटा आवरतो, हे दाखवून दिले आणि कालव्यांच्या कामांत ती पद्धत वापरली गेली. मात्र कोणताही मुरूम चालत नाही. निव्वळ वाळूसारखा मोकळा मुरूम पाणी साठवून खालच्या मातीला पाजत राहतो. थोडा चिकट, ठोकल्यावर घट्ट बसणारा मुरूम निवडावा. मोठ्या इमारतींसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर गोळा असलेले खांब साधारण 3.5 मीटर खोल नेतात, कारण ऋतूंचा परिणाम तेवढ्या खोलीवर फारसा पोहोचत नाही.

तरुण शेतकरी, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

आम्ही खारपाणपट्ट्यातले. जिप्सम टाकण्याची शिफारस ऐकली तेव्हा मी विचारले की जमीन क्षारांनीच बिघडली असताना तिच्यात आणखी एक क्षार कशासाठी घालायचा? कृषी महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने मला दोन बाटल्यांत वावरातील माती आणि पावसाचे पाणी घालून, एकीत चिमूटभर जिप्सम टाकून हलवायला सांगितले. जिप्समची बाटली काही वेळात निवळली. दुसरी दुसऱ्या दिवशीही गढूळ होती. सोडियम मातीचे कण एकमेकांपासून सुटे ठेवतो, म्हणून पाणी मुरत नाही. जिप्सममधील कॅल्शियम त्याची जागा घेऊन कण एकत्र आणतो, असे त्याने समजावले.

*भर :* सुटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून गेला पाहिजे. निचऱ्याचे चर नसतील तर जिप्समचा पैसा वाया जातो.

मासेमार संस्थेचे सभासद, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

आमच्याकडील मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले आहेत. पाण्याचा पसारा केवढा आणि मातीची पाळ केवढीशी, तरी ती टिकते कशी, असे मी लहानपणापासून विचारत आलो. पाण्याचा दाब पसाऱ्यावर नसून खोलीवर अवलंबून असतो, हे मला निवृत्त शाखा अभियंत्यांनी सांगितले, पण मला ते अद्याप पूर्ण पटलेले नाही.

*भर :* आपली शंका रास्त आहे. जगभर अनेकांना ती पडली आहे. 1 मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर 1 टन, 3 मीटरवर 3 टन, मग पाणी पाळीपासून शंभर पावलांवर संपो किंवा दोन कोसांवर. पडताळण्यासाठी एक बारीक नळी आणि एक रुंद पिंप घ्यावे, दोन्हींना तळापासून सारख्या उंचीवर सारखे छिद्र पाडावे, आणि पाण्याची उंची सारखी ठेवून धारा किती लांब पडतात ते मोजावे. पसाऱ्याचा परिणाम लाटांवर होतो. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा पाळ खातात, म्हणून आतल्या बाजूला दगडांचे अस्तर लागते.

शेतकरी, मेहकर तालुका, जि. बुलडाणा

सौरपंप मे महिन्यापेक्षा फेब्रुवारीत दुपारी अधिक पाणी देतो असे मला वाटते. ऊन मेमध्ये कडक असते, मग असे का व्हावे?

*भर :* आपले निरीक्षण बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. पॅनेलची क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते आणि सिलिकॉनचे पॅनेल त्यापुढे प्रत्येक अंशाला सुमारे 0.4 टक्के वीज कमी देते. मेमध्ये ते 65 अंशांना पोहोचले तर 16 टक्के घट येथेच झाली. पण विहिरीची पातळी खाली गेल्यानेही पाणी कमी होते, आणि काचेवरची धूळही आहेच. ही तीन कारणे वेगळी करायची असतील, तर ड्रम भरण्याचा वेळ, विहिरीतील पाण्याची खोली आणि पॅनेलच्या मागील बाजूचे तापमान एकाच वेळी लिहावे, एकदा काच धुण्यापूर्वी आणि एकदा धुतल्यानंतर. या नोंदी फेब्रुवारीपासून ठेवाव्यात आणि येथे पाठवाव्यात.